चेहऱ्यावरची घराणी

माझं नाव राजनंदिनी माळी. ठेवताना आईबाबांनी पुढचा विचार केला नसावा. तेराव्या वर्षी माझ्या हनुवटीवर पहिली पुटकुळी आली आणि सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्या पाहुण्यांनी मुक्काम काही हलवला नाही. शाळेत मुलं मला ‘चाळणी’ म्हणायची. त्यात नोकरी लागली ती सांगलीच्या मार्केट यार्डात, हळद तपासायच्या प्रयोगशाळेत. व्यापारी पोत्यातली मूठभर हळद आणून देतात, तिच्यात कस किती आणि भेसळ किती ते मी सांगते. “दिवसभर हळदीत हात आणि तोंड बघा,” असं पाठीमागे म्हणणारे पुष्कळ होते. तोंडावर म्हणणारी एकच, माझी शोभाआत्या.

सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. उष्णतेनं होतं, सब्जा पी. शेंगदाणे बंद कर. पोट साफ होत नसेल. तोंड नीट धूत नसशील. लग्न झालं की आपोआप जातात. हे शेवटचं सांगणारे लोक, अशा तोंडाच्या मुलीशी लग्न कोण करणार, हेही त्याच दमात विचारायचे.

सल्ल्यांचा मला राग नव्हता. राग होता तो आईवर. मी चौदा वर्षांची असताना तिने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी वगैरे काही मागितली नाही, वर “महिन्यात फरक बघा वहिनी” असंही सांगितलं. आई रोज स्वतःच्या बोटांनी ती माझ्या गालांना लावायची. पंधरा दिवसांत चेहरा असा नितळ झाला की गल्लीतल्या बायका ट्यूबचं नाव विचारायला आल्या. सहा महिन्यांनी गाल पातळ आणि लालबुंद झाले, उन्हात गेलं की आग आग व्हायची. घाबरून ट्यूब बंद केली, आणि मग जे उठलं ते आधीच्या दसपट होतं. दहावीच्या निरोपसमारंभाला मी गेले नाही. घरी दार लावून बसले आणि आई समजवायला आली तेव्हा ओरडले, “यापुढे माझ्या तोंडाला हात लावायचा नाही.”

तिने लावला नाही. बारा वर्षं. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा माझे डोळे पुसायला ती पुढे आली आणि मध्येच थांबून पदराचं टोक तिने माझ्या हातात दिलं. मीही ते घेतलं आणि माझे डोळे मीच पुसले.

संग्रामशी लग्न ठरलं आणि मी मिरजेला डॉ. निलोफर बागवान यांच्या दवाखान्यात जायला लागले. संग्राम तासगावचा, बेदाण्याचं शीतगृह सांभाळतो. त्याच्याही गालांवर जुने खड्डे आहेत. बघायच्या कार्यक्रमात त्याने माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं आणि नजर हलवली नाही, म्हणून तो मला आवडला. तरी लग्नाच्या फोटोंत मला असं दिसायचं नव्हतं. डॉक्टरांकडे तेव्हा नुकतंच ते नवं यंत्र आलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव रंध्रदर्शक, पण दवाखान्यात सगळे त्याला आरसाच म्हणायचे.

“हनुवटी इथं टेक. डोळे मीट. आता उघडलेस तरी चालेल,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी खोलीतला दिवा घालवला.

निळसर प्रकाश आला. समोरच्या पडद्यावर माझा चेहरा होता, पण मी स्वतःला ओळखलं नाही. सगळं काळंभोर आणि त्यात हजारो केशरी ठिपके. दिवाळीत दंडोबाच्या डोंगरावरून खालची गावं दिसतात, तसे दिवेच दिवे. नाकावर दाटी, गालांवर वस्ती, कानाजवळ विरळ वाड्या. 

“हे दिवे खरेच आहेत बरं का,” डॉक्टर म्हणाल्या. “रंध्रांत राहणारे जंतू आहेत हे, या प्रकाशात आपले आपण उजळतात. आपल्याला दिसत नाही एवढंच.”

“एवढी घाण आहे माझ्या तोंडावर?”

“घाण कोण म्हणालं? माझा चेहरा ठेवला तर माझाही असाच दिसेल. नीट ऐक.” मग त्यांनी जे सांगितलं ते मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

चेहऱ्यावर वीस हजारांच्या आसपास रंध्रं असतात. प्रत्येकात एका केसाचं मूळ आणि त्याला चिकटलेली तेलाची इवलीशी पिशवी. वयात येताना शरीरातली संप्रेरकं त्या पिशवीला हुकूम देतात, तेल वाढव. तेल वाढतं, रंध्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं आणि आत हवा जाईनाशी होते. बिनहवेचं, तेलाने भरलेलं घर म्हणजे या जंतूंचं माहेर. ते सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतात. पण त्यांच्यातही घराणी असतात. काही शांत. तेल खातात, आपल्यापुरतं बघतात, बाहेरच्या गुंडांना आत येऊ देत नाहीत. काही भांडखोर. ती अशी द्रव्यं सोडतात की शरीराला हल्ला झालासा वाटतो, आणि शरीर आपली फौज पाठवतं. लाली, सूज, पू, हे सगळं त्या फौजेचं काम असतं.

“म्हणजे पुटकुळी जंतू करत नाही?”

“कळ तो लावतो, धुमाकूळ तुझीच फौज घालते. ती तुझी ट्यूब होती ना, तिच्यात स्टेरॉइड होतं. त्याने फौजेला झोपवलं. शांत वाटलं, गोरं वाटलं. झोपेत कातडी पातळ झाली, जंतू माजले. ट्यूब थांबली, फौज जागी झाली, आणि मग काय झालं ते तुला माहीत आहे.”

त्यांनी एक कळ दाबली. मी आल्याआल्या यंत्राच्या केसाएवढ्या नळ्या तासभर माझ्या चेहऱ्यावरून फिरल्या होत्या आणि एकेका रंध्रातल्या तेलाचा कण उचलून त्यातल्या जंतूंची जनुकं वाचली होती. आता पडद्यावर केशरी ठिपक्यांचे रंग बदलले. भांडखोर लाल, शांत निळे.

“एका रंध्रात एकच घराणं,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. रोज शंभर चेहरे बघणाऱ्या त्या बाई, पण पडद्याकडे बघताना त्यांचा आवाज उतरायचा. “कधीतरी एकच जंतू आत पोचला, त्याने घर धरलं, आणि आत आहेत ते सगळे त्याचेच नातूपणतू. शेजारच्या रंध्रात दुसरं घराणं. अर्धा मिलिमीटर अंतर, पण एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत. जो पहिला येतो त्याचं घर. नंतरच्याला जागा नाही.”

माझा चेहरा जवळजवळ पूर्ण लाल होता. फक्त डाव्या कानशिलावर, भुवईच्या टोकापासून केसांपर्यंत, निळ्या ठिपक्यांचा एक पट्टा होता. चारशे रंध्रं. खरंच, तिथे मला कधी पुटकुळी आलेली नव्हती. मी ते कधी लक्षात घेतलं नव्हतं.

“हे कुणाचं तरी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “हवेतून नाही येत, हातातून येतं, गालातून येतं. कुणाचं ते शोधू.”

त्यांच्या उपचाराला त्या ‘लावण’ म्हणायच्या, उसाची असते तशी. आधी दहा दिवस प्रकाश आणि औषध देऊन रान मोकळं करायचं, म्हणजे चेहऱ्यावरचं एकूण एक रंध्र रिकामं करायचं. मग त्यात शांत घराणं लावायचं. परक्याचं आणून लावलं तर बहुतेकांच्या चेहऱ्यावर ते टिकत नाही. रक्ताच्या माणसाचं, अंगाला आधीच मानवलेलं असलं तर टिकतं.

तोवर या आरशांनी समाजात बरीच उलथापालथ करून ठेवली होती. लग्नाच्या पत्रिकेबरोबर लोक चेहऱ्याचा नकाशा मागायला लागले होते. कोल्हापुरात एका बाईच्या गालावर नवऱ्याच्या धाकट्या भावाचं घराणं निघालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. नंतर कळलं, दोघांचा टॉवेल एकच होता. आया मुलांचे मुके घेताना विचार करायला लागल्या होत्या. आपल्याला कुणी कुणी हात लावला हे आपला चेहरा विसरत नाही, ही गोष्ट पचायला सोपी नव्हती.

आईला मी नमुना द्यायला मिरजेला घेऊन गेले. डॉक्टरांनी निरोप दिला होता की तोंड न धुता या. तो निरोप मी आईला सांगितला होता, पण आई नवी साडी नेसून, जंतुनाशक साबणाने दोनदा तोंड धुऊन, वर पावडर लावून आली. रिक्षात माझ्या नाकाला वास आला तेव्हा उशीर झाला होता.

“एवढ्या मोठ्या दवाखान्यात जायचं, तोंड नको व्हय स्वच्छ?” आई म्हणाली. “डॉक्टरीण बाई काय म्हणतील, माळ्याची बाई तशीच आली?”

डॉक्टर हसल्या आणि तिच्या कपाळावरून, नाकावरून बोळा फिरवून घेतला. मेलेल्या जंतूंचीही जनुकं वाचता येतात, त्यामुळे ओळख पटायला अडचण आली नाही. निळा पट्टा आईचाच होता. आईच्या सगळ्या चेहऱ्यावर तेच घराणं होतं. पन्नाशी उलटली तरी तिला आयुष्यात एक पुटकुळी आलेली नाही. हे तिचं रूप नसून तिच्या भाडेकरूंचं पुण्य होतं, असं मी तिला नंतर चिडवलं.

आई बाहेर बसली होती तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. “एक गंमत आहे. हे जंतू पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची नक्कल करतात आणि करताना चुकतात. वर्षाला साधारण एखादी चूक. आईच्या घराण्यात आणि तुझ्या पट्ट्यात किती चुकांचा फरक आहे ते मोजलं की ते तुझ्याकडे कधी आले ते कळतं. एका रंध्रावरून नाही, पण चारशे रंध्रांवरून नक्की. तू पंधरा वर्षांची असताना सुरुवात झाली आणि एकोणिसाव्यापर्यंत, जशी नवी रंध्रं तेल धरत गेली तसे, नवे नवे येत राहिले.”

“शक्यच नाही. त्या वर्षांत आईने माझ्या तोंडाला हातच लावलेला नाही. एकोणिसाव्या वर्षी तर मी कोल्हापूरला हॉस्टेलवर गेले.”

डॉक्टरांनी खांदे उडवले. “जंतूंना कशाला खोटं बोलायचंय?”

मी बाहेर आले. आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि खरं निघालं असतं, तर बारा वर्षांचा राग ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता. शिवाय आईचे जंतू बाटलीत वाढवून लावायचे होते. बाटलीतून आले तर हात लागायचा प्रश्न नव्हता, आणि तेच मला सोयीचं होतं.

लग्नानंतर लावण करू, असं डॉक्टर सांगत होत्या. मीच ऐकलं नाही. शेवटी ठरलं ते असं: लग्नाच्या आधी दहा दिवस रान मोकळं करायचं आणि हळदीच्या दिवशी सकाळी बाटली लावायची. तीन तासांत जंतू घर धरतात. आमच्याकडे हळद दुपारी बाराला होती. गणित अगदी चोख होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी आठला मी मिरजेत पोचले. चेहरा रिकामा होता. आरशात बघितलं तर सगळा काळोख, एकही दिवा नाही. मला स्वतःचीच भीती वाटली.

डॉक्टर हातात बाटली घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पडला होता. “शेवटची तपासणी आत्ता हातात आली. बाटलीत वाढ भरपूर आहे, पण ती आईच्या घराण्याची नाही. त्या साबणातून जो दुसराच एक जंतू वाचला, तो वाढला. हे लावता येणार नाही. चूक माझी, बाळा. नमुना दुसऱ्या दिवशी, तोंड न धुता, परत घ्यायला हवा होता.”

“मग पुन्हा वाढवा.”

“तीन आठवडे लागतील. आणि हा चेहरा असा मोकळा जास्तीत जास्त आजचा दिवस राहील. कुणीही घुसेल.” त्या खुर्चीत बसल्या. “आज तुला हळद कुठली लागणार?”

मला तेव्हा लख्ख कळलं. आमच्यात हळद आधी नवरदेवाला लागते. त्याच्या अंगाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे येते आणि तीच तिला लावतात. तासगावहून ती निघायचीच होती. संग्रामचं घराणं डॉक्टरांनी तपासलं होतं, माझ्याहून भांडखोर. वयाने त्याचं तेल कमी झालं म्हणून ते गप्प बसलं होतं. माझ्या रिकाम्या, तेलकट रंध्रांत ते शिरलं तर पुढची दहा वर्षं थैमान. हळद जंतू मारते, हे मला कौतुकाने सांगणारे पुष्कळ भेटतात. मारते, पण पाण्यात कालवलेली आणि तासाभरात धुतलेली हळद रंध्राच्या तळाशी पोचत नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

“उष्टी हळद नकोच म्हणून सांग,” डॉक्टर म्हणाल्या. “नाहीतर दुसरा एकच मार्ग. बाटलीची गरज नाही. आईची बोटं. तिच्या कपाळाचं, नाकाचं तेल बोटांना घ्यायचं आणि तुझ्या चेहऱ्यावर दाबून धरायचं. इंच इंच. हळदीच्या आधी. पहिला आला त्याचं घर.”

मी हरिपूरला घरी पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. अंगणात मांडव, बायकांचा गलका, आणि मध्ये शोभाआत्या सगळ्यांना कामाला लावत होती. आई कुठे दिसेना. ती मागे स्वयंपाकघरात होती. सकाळपासून तिथेच होती, कारण मांडवातल्या कामाला सवाष्णी लागतात आणि आईने स्वतःच स्वतःला आत ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

“आई, परात ठेव. माझ्यासमोर बस.”

“आत्ता? बायका यायलेत, पोहे राहिलेत अजून.”

मी दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तोंड धुतलंस का, हेही विचारलं. लग्नघरात पहाटेपासून तिला तोंड धुवायला फुरसत मिळाली नव्हती आणि चुलीपुढे कपाळ घामातेलाने चमकत होतं. विज्ञानाला याहून चांगलं काही नको होतं. पण आई मागे सरली आणि भिंतीला टेकली.

“मी न्हाई बाई. आज हळद तुझी. पहिला हात माझ्यासारखीचा? शोभावन्सं काय म्हणतील?”

“वन्संना काय म्हणायचं ते म्हणू दे.”

“मग उष्टी हळदच नको म्हणून कळव त्येंना. न्हाई, नको, तेबी नको. हळद परत धाडायची म्हंजे अपशकुन. तुझ्या संसाराला नको काय.” ती रडायला लागली. “दुसऱ्या कुणाचं घे ना गं. आत्याचं घे.”

“आत्याचं मला चालत नाही. तुझंच लागतं.”

“माझ्या हाताला गुण न्हाई, नंदा!” ती जवळजवळ ओरडली. “एकदा लावलं तर तुझं तोंड जाळलं मी. त्या ट्यूबवर बारीक इंग्लिशमधी काय लिवलंय ते मला कळलं न्हाई. मेडिकलवाला म्हणला आणि मी लावत गेली. रोज. ह्याच बोटांनी. आता परत लावू? लग्नाच्या आदल्या दिवशी?”

इतकी वर्षं मला वाटत होतं की आईला त्याचं काही वाटत नाही, कारण ती त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो तीन आठवडे टाळला होता.

“मी पंधरा वर्षांची होते तेव्हापासून हॉस्टेलला जाईपर्यंत, तू माझ्या तोंडाला हात लावत होतीस ना? इथे, कानशिलाला?”

आईचं रडणं थांबलं. चोरी पकडल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. “कुणी सांगितलं तुला?”

“तुझ्याच जंतूंनी सांगितलं. वर्षांसकट.”

ती पदराशी चाळा करायला लागली. “पहाटं नळाला पाणी यायचं,” ती म्हणाली. “भरून झालं की तुझ्यापाशी बसायची जरा. तू उजव्या कुशीवर झोपायचीस, एवढीच बाजू वर असायची. तुला जाग येऊ नये म्हणून नुसता हात ठेवायची. ताप हाय का बघायची. तू म्हणली हुतीस, लावायचा न्हाई. जागेपणी लावला न्हाई मी.”

“रोज?”

“रोज कुठलं? पाणी एक दिसाआड यायचं.”

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही फुटलं. चारशे रंध्रं. नळाच्या पाण्यावर चार वर्षं केलेली लावण, आणि मी झोपेत. मी पाट ओढला, तिच्यासमोर बसले आणि डोळे मिटले. “आता जागी आहे मी,” म्हटलं. “लाव.”

आईने हात पुसले, मग आठवलं म्हणून थांबली, कपाळावरून बोटं फिरवली आणि माझ्या गालावर ठेवली. खरखरीत बोटं, लसणीचा वास, ऊब. बारा वर्षांनी. सुरुवातीला ती नुसतं टेकवून हात मागे घ्यायची, म्हणून मी तिचं मनगट धरून ठेवलं. मग तिचा हात बसला. गाल, नाकाच्या कडा, हनुवटी, गळ्याची सुरुवात. दर वेळी ती बोटं आपल्या कपाळाला लावायची आणि पूर्ण पंजा माझ्या तोंडावर दाबून मनात काही मोजायची. काय मोजत होती कुणास ठाऊक.

दारावर थाप पडली. “वनिता! नंदा आत हाय का? दार का लावलंय?” आत्याचा आवाज. आईचा हात उडाला. मी तो परत ओढून गालावर ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, “आत्या, आई मला हात लावतेय. तोंडाला. डॉक्टरांनी सांगितलंय. संपल्याशिवाय दार उघडणार नाही.”

 बाहेर बायकांची कुजबुज ऐकू आली. मग आत्या खाकरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “दार लागलेलं हाय बायांनो, मला काय दिसंना झालंय. तुम्हाला दिसायलंय का? न्हाई ना? मग चला, पोहे मीच करते मागच्या चुलीवर.” आमची आत्या अशी आहे. शास्त्र मोडायचं नाही आणि माणूसही मोडायचं नाही, म्हणून ती बाजूने वाट काढते.

हळद तासगावहून यायला उशीर झाला, एक वाजला. संग्रामची बहीण पितळी तांब्यात ती घेऊन आली. मी पाटावर बसले, आंब्याच्या पानाने पहिली हळद आत्याने लावली, मग एकेक सवाष्ण. ओली, गार हळद गालावरून ओघळत होती आणि मी मनातल्या मनात आईच्या जंतूंना म्हणत होते, दारं लावून घ्या रे, कुणाला आत घेऊ नका. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हळद तिच्या हाताला लागली नव्हती.

लग्न झालं. आठव्या दिवशी मी माहेरी आले आणि आईला घेऊन मिरजेला गेले. जाताना ती रिक्षात दोनदा म्हणाली, “काय उगवलं नसलं तर मला बोल लावू नको.” मी म्हटलं, लावणार नाही. 

हनुवटी टेकवली. डॉक्टरांनी दिवा घालवला. निळा प्रकाश आला आणि पडद्यावर आधी काळोखच दिसला. मग यंत्राने डोळा रोखला आणि डाव्या गालावर एक ठिपका उजळला. मग दुसरा. मग एकदम शेकडो.

डॉक्टर पुढे वाकल्या. “या अल्ला,” त्या पुटपुटल्या.

माझ्या गालावर हात होता. खराखुरा हात, पाची बोटं, तळव्याचा उंचवटा, अंगठ्याचा बाक. जिथे आईने पंजा दाबला होता तिथल्या रंध्रांत तिचं घराणं घर करून बसलं होतं आणि आता ते हजारोंनी उजळत होतं. उजव्या गालावर दुसरा पंजा. हनुवटीवर चार बोटांची टोकं. हे दिवे कुणी लावले नव्हते. ते जिवंत होते, वाढत होते, आणि माझ्या तोंडावर त्यांनी माझ्या आईच्या हाताचा आकार धरला होता. मी चौदा वर्षं या चेहऱ्याकडे बघत आले, पण असं काही बघेन असं वाटलं नव्हतं. 

“इथं जबड्यापाशी चार लाल दिसतात,” डॉक्टर सावरून म्हणाल्या. “ते जावईबापू. चार घरं मिळवलीच त्यांनी. मिळवू देत.” मग त्यांनी नेहमीच्या सुरात सांगितलं की ही जादू नाही, तीन महिने धीर धरायचा. जुने खड्डे बुजणार नाहीत. साधा साबण, दिवसातून दोनदाच, घासायचं नाही, फोडायचं नाही, उन्हात जाताना मलम, आणि मेडिकलवाल्याला डॉक्टर समजायचं नाही. हे शेवटचं बोलताना त्यांनी आईकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आईचं लक्ष नव्हतंच. ती उठून पडद्याजवळ गेली होती. तिने आपला पंजा त्यावरच्या पंज्याशी धरून बघितला, बोटाला बोट.

“हे किती दिस टिकतंय, डॉक्टरीण बाई?”

“ती आहे तोवर, मावशी. तिला लेकरू झालं, तिने त्याला गालाशी धरलं, की तिथंही जाईल.”

“म्हंजे मी गेल्यावर?”

“तुमच्यानंतरही. तुम्हालाही हे तुमच्या आईकडूनच आलं असणार, आणि तिला तिच्या.”

 आईने पडद्यावर, माझ्या कपाळाच्या मध्यावर, बोट ठेवलं. तिथे एक काळी पट्टी होती, एकही दिवा नसलेली. “हितं का न्हाई?”

“तिथं तुमचा हात कमी पोचला. आणि आता रंध्रं मिटली. आता लावून काही उपयोग नाही.”

“बरं,” आई म्हणाली. खोलीत दिवा अजून लागला नव्हता. ती माझ्याजवळ आली आणि तिने तळहात माझ्या कपाळावर ठेवला, बरोबर त्या काळ्या पट्टीवर. डॉक्टर काही सांगणार होत्या, पण न सांगता आपल्या यंत्राकडे वळल्या.

“आई, उपयोग नाही म्हणाल्या त्या.”

“ऐकलं मी,” आई म्हणाली, आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.